शिधा, पाणी, पत्र

लढाई तासाभराची, युद्ध चार वर्षांचं. उरलेल्या वेळात शिपाई पीठ मळतो, पाणी आणतो, उवा मारतो, खड्डे खणतो आणि वाट पाहतो. वाट पाहणं हे काम नव्हे असं ज्याला वाटतं, त्याने ते कधी हुकमाने केलेलं नसतं.

०

१९१४ च्या नोव्हेंबरात हिंदी फौजेची पहिली तुकडी मेसोपोटेमियात, शत्-अल-अरबच्या मुखाशी, फाओला उतरली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. मागून ११० वी आली, १०३ वी आली. साताऱ्याचे, रत्नागिरीचे, नगरचे, मावळातले शेतकरी. बसरा हे नाव त्यांच्या कानांवर आधीच होतं, नथीतल्या मोत्यांमुळे. पण ज्या घरांत तसली नथ असे, त्या घरांतले मुलगे सहसा पलटणीत नाव घालत नसत. गावच्या पाटलीणबाईंच्या नाकात ज्याने लांबून बसरा पाहिला होता, तो आता बसऱ्याच्या चिखलात उभा होता.

०

पगार महिना अकरा रुपये. एवढ्यात सरकारने त्याचं मरण विकत घेतलं होतं, आणि व्यवहार दोघांनाही ठाऊक होता. दिवस मात्र सौद्यात नव्हता. भाकरी कुणाच्या हातची, अंघोळ कधी, चुलीजवळ कोण बसणार, पत्रात काय लिहायचं, हे त्याने आपल्याकडे ठेवलं. मरणाबद्दल शिपायाने फारशी तक्रार केल्याचं दिसत नाही. दिवसाला हात लागला की मात्र तो अडून बसे.

०

सरकारलाही हे कळत होतं. १९१४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या ब्रायटनचा राजवाडा जखमी हिंदी शिपायांचा दवाखाना झाला. तिथे नऊ स्वयंपाकघरं होती. हिंदूंच्या पाण्याचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, वर पाट्या. राजवाड्याच्या नक्षीदार छताखाली खाटा टाकलेल्या. घरी असताना या माणसाच्या पाण्याची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. घरी तो रयत होता. इथे त्याला बरं करून पुन्हा खंदकात पाठवायचं होतं.

बाहेर हिंडायला मात्र परवानगी लागे. पाणी त्याच्या मर्जीचं, रस्ता सरकारच्या.

०

फलाटावर निरोप द्यायला येतात ते शिपायाला. भिस्ती, खेचरवाला, मेहतर, बावर्ची हे त्याच गाडीने जातात, त्याच बोटीने जातात, त्याच तापाने मरतात. मेसोपोटेमियात माणसं कमी पडू लागली तेव्हा तुरुंगांतले कैदी काढून त्यांची हमालांची आणि मजुरांची पथकं केली, तीही समुद्रापार नेली. शिक्षेत सूट मिळणार होती. काळ्या पाण्याला भिणारा माणूस सुटका व्हावी म्हणून काळं पाणी ओलांडून गेला.

आणि १९१७ मध्ये, इतकी वर्षं बंद ठेवलेली महारांची भरती पुन्हा उघडली. १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. माणूस भरतीला लायक आहे की नाही, हे त्याच्या छातीच्या मापावरून ठरतं असं कागदावर लिहिलेलं असतं.

०

१९१५ च्या मे महिन्यात मेसोपोटेमियातल्या कुर्ण्याभोवतीचा मुलूख पुराच्या पाण्याखाली गेला. शत्रू पाण्यातून वर आलेल्या टेकाडांवर बसलेला. तेव्हा १७ व्या ब्रिगेडला बेलम नावाच्या सपाट बुडाच्या होड्या बांबूने रेटायला शिकवलं. एक मराठा पलटणही त्या ब्रिगेडमधली. आठवडेच्या आठवडे कवायत: बांबू रोव, ढकल, उचल. होडी गोल फिरते, लोक पाण्यात पडतात. ३१ मेला हल्ला झाला, जिंकला. साहेब लोकांनी त्याला जनरल टाउनशेंडच्या नावाने ‘टाउनशेंडची रेगाटा’ म्हटलं, म्हणजे नौकांची शर्यत. ज्याला असं नाव सुचतं, त्याच्या तळहाताला सहसा बांबूचे फोड आलेले नसतात.

हल्ल्याच्या वर्णनात तोफा आहेत, होड्यांना लावलेल्या लोखंडी ढाली आहेत. कवायतीच्या त्या आठवड्यांना एक ओळ मिळते. शिपायाला विचारलं असतं तर त्याने उलट हिशेब दिला असता.

०

शेतकरी परदेश जमिनीपासून पाहायला सुरुवात करतो. फ्रान्समधून हिंदी शिपायांनी धाडलेल्या पत्रांत मोठमोठ्या चर्चपेक्षा शेतं जास्त आहेत. शेतात राबणाऱ्या बायका, ज्यांचे नवरे आघाडीवर आहेत. शाळेत जाणाऱ्या मुली. घरात ज्याच्या त्याच्या हाती वर्तमानपत्र. आपल्या मुलींना शाळेत घाला, असं खंदकातून घरी कळवणारे शिपाई होते. कुठल्या सुधारकाने त्यांना सांगितलं नव्हतं. ज्या घरात चार दिवस मुक्काम पडला, त्या घरातली म्हातारी हिशेब लिहिताना दिसली, एवढं पुरलं.

परदेशाने शिपायाला काय शिकवलं हे विचारायचं असेल तर तो कुठे लढला हे विचारू नये. मागच्या गावात त्याला कुणाच्या गोठ्यात झोपायला मिळालं ते विचारावं.

०

पत्र.

सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा, गावी वाचून दाखवणारा चौथा, आणि ऐकायला ओटाभर माणसं. एवढ्यांतून गाळून बायकोला सांगण्यासारखं काय उरतं? म्हणून पत्रात बैल येतो. तांबडा बैल कसा आहे, त्याला पेंड घालता का, त्याच्या खांद्याची जखम भरली का. ओट्यावरच्या सगळ्यांना बैल ऐकू येतो. जिला कळायचं तिला कळतं.

पत्राचा मायना ही मोठी सोय आहे. इकडील क्षेम, तिकडील कळवावे. गुडघाभर चिखलात लिहिलं तरी इकडील क्षेमच, दवाखान्यात पाय कापून झाल्यावर लिहिलं तरी क्षेमच. मायना खोटं बोलू देतो आणि खोटं बोलल्याचा दोष लागू देत नाही.

उलट टपालाने घर येतं. बांध कोरला गेला. चुलत्याने फिर्याद केली. सावकार दारात बसतो. धाकटीचं लग्न ठरतंय, रजा काढून ये. रजा काढून ये! शिपाई फ्लँडर्सच्या खंदकात आणि जीव दिवाणी कोर्टात. समोरच्या जर्मनाशी त्याचं वैयक्तिक काही नव्हतं. चुलत्याशी होतं.

०

फ्रान्समधल्या हिंदी फौजेची पत्रं बुलोनच्या कचेरीत उघडली जात. हॉवेल नावाचा अधिकारी तिथे मुख्य होता. पत्रं वाचायची, उतारे इंग्रजीत करायचे, फौजेचं मन कुठे झुकतंय याचा अहवाल वर पाठवायचा. शिपायांना हे माहीत होतं. मग कुणी लिहून धाडे की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरायला काढलीय. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. कचेरीतल्या लोकांना तेही कळलं, आणि कळलं हे त्यांनी लिहून ठेवलं.

मूळ पत्रं पुढे घरोघर गेली. कुणी आढ्याला खोचली, कुणी चुलीत घातली, बाकीची वाळवीने खाल्ली. इंग्रजी उतारे लंडनला बांधून ठेवलेले आहेत, शाबूत. शिपाई काय म्हणाला हे आज आपल्याला कळतं ते त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या अक्षरात. पाळत नसती तर तेवढंही नसतं. या वाक्यावर माझं समाधान होत नाही, पण ते खोडताही येत नाही.

०

कूत-अल-अमारा हे टायग्रिसच्या वळणातलं गाव, तीन अंगांना नदी. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. जवळजवळ पाच महिने. आत होती सहावी डिव्हिजन, जिचं नावच पुणे डिव्हिजन. तिन्ही मराठा पलटणी तिच्यात. शरण गेलेले सुमारे तेरा हजार. त्यांना सोडवायला बाहेरून आलेल्या फौजेतले मेले आणि जखमी झाले ते त्याहून कितीतरी जास्त.

मला त्या वेढ्यातलं युद्ध फारसं समजत नाही. ताट समजतं.

गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, हिंदी शिपायांना स्कर्व्ही. डॉक्टर पॅट्रिक हेहिर यांनी हे आतूनच नोंदवलं. गोऱ्यांचा पाव पांढऱ्या पिठाचा. हिंदी शिपायाचा आटा कोंड्यासकट. कोंड्यात जे होतं त्याने त्याला बेरीबेरीपासून राखलं. गोऱ्यांनी घोड्याचं ताजं मांस खाल्लं, त्याने ते स्कर्व्हीतून बऱ्यापैकी सुटले. हिंदी शिपायाने ते नाकारलं, त्याच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांच्या वाट्यालाही आटा आणि सातूचं पीठ आलं, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. एक वेढा, एक सेनापती, दोन ताटं, दोन रोग. हिंदी शिपायाला गरिबीच्या पिठाने एका रोगातून वाचवलं, आणि सोवळ्याने दुसऱ्यात ढकललं.

घोड्याचा प्रश्न सोपा नव्हता, आणि त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. सरकारने हिंदुस्थानातून धर्मपंडितांची, मौलवींची संमती मागवली. ती बिनतारी संदेशाने वेढ्यात पोचलीसुद्धा. तरी शिपाई खाईनात. भीती परलोकाची नव्हती. गावात परत गेल्यावर कुणी पंक्तीला घेईल का, मुलीला कुणी करून घेईल का, ही होती. देवाची परवानगी तारेने येते. गावाची येत नाही.

या हट्टात एक गोष्ट दडलेली आहे. घोडा न खाणारा माणूस परत जाण्याचा विचार करत होता. ज्याला मरायचंच आहे त्याला पंक्तीची काय पर्वा? एप्रिलमध्ये शिधा मूठभर पिठावर आला, वरून सक्त हुकूम सुटला, तेव्हा हजारोंनी खाल्लं. तोवर अनेकांच्या अंगात ते पचवायची ताकद उरली नव्हती.

मधल्या काळात ते रानात फिरून पाला खुडत. पावसाने जमिनीवर काहीबाही उगवलं होतं. भाजी ओळखायची ती घरच्या रानातल्या खुणांनी. पण हे रान घरचं नव्हतं, आणि काही पाला विषारी निघाला. चाकवत म्हणून हात घालावा आणि ते चाकवत नसावं. परदेश म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही.

०

त्याच वेढ्यात विमानांतून सामान टाकलं गेलं. औषधं, टपाल, बंदुकीच्या नळ्या पुसायच्या दोऱ्या, मासे धरायच्या जाळ्यांची वजनं. आणि एकदा सत्तर पौंडांचा जात्याचा दगड. आत धान्य होतं, दळायला नव्हतं.

एप्रिलच्या मध्यापासून पिठाचीच पोती टाकायला लागले. आकाशातून माणसांना जगवण्याचा तो जवळजवळ पहिलाच प्रयोग. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे. ज्यांना मिळालं त्यांनाही पुरलं नाही. तुर्की शिपायालाही त्या दिवसांत पोटभर मिळत नसे, तेव्हा चुकून पडलेलं पोतं वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

०

कूतचे कैदी वाळवंटातून चालवत नेले. पुढे रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर लावले. शिशिर सर्बाधिकारी हा बंगाली तरुण रुग्णसेवा पथकात होता; तोही त्यांत. त्याने रोजनिशी ठेवली, पकडली जाईल म्हणून फाडली, तुकडे बुटांत लपवले, आणि चालत राहिला. १९५८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, ‘अभि ले बागदाद’.

बुटांत घालून चाललेलं लिखाण! आम्हा लिहिणाऱ्यांना याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

०

जर्मनांच्या कैदेत असलेल्या हिंदी शिपायांचे आवाज १९१६ च्या सुमारास बर्लिनजवळच्या छावणीत ध्वनिमुद्रित केले गेले. भाषाशास्त्रज्ञांना उच्चार हवे होते. एक पंजाबी शिपाई स्वतःबद्दल बोलला, पण ‘तो’ म्हणून: एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात होता, दूध पीत होता, मग तो युरोपच्या लढाईत आला. लोण्यापासून सुरुवात. देश आठवतो तो असा, जिभेवरून. भूमी, ध्वज, सम्राट ही नंतरची आणि बहुधा दुसऱ्यांची माहिती.

०

दसऱ्याला पलटणीत शस्त्रपूजा होते. घरी वर्षभर कोयता-नांगर वापरणारा त्या दिवशी त्यांच्यावर फूल वाहतो, त्यात कृतज्ञता आहे. रोज ज्या बंदुकीला तेल पाजायचं, उशाशी घेऊन झोपायचं, तिची पूजा शिपाई कुठल्या मनाने करत असेल? ती आज चालावी म्हणून, की आज चालवावी लागू नये म्हणून? दोन्ही प्रार्थना एका फुलात मावतात.

०

दुसऱ्या युद्धात गाव तेच, समुद्र तोच, मुलगे पहिल्यांचे. एरिट्रियातलं केरेन, लिबियातलं तोब्रुक, मग इटलीचा चिखल. सांग्रो नदीच्या आसपास १९४३ च्या पावसाळी थंडीत खेचरं पोटापर्यंत रुतत होती. टपालाला आता हवाईपत्रं होती. बातमी लवकर येऊ लागली, एवढाच फरक, बातमी तीच. धान्य महाग झालं. रॉकेल मिळत नाही. १९४३ मध्ये बंगालात माणसं अन्नावाचून मेली. शिपाई ज्या सरकारचा शिधा खात होता, त्याच सरकारच्या राज्यात घरचे काय खातात हा प्रश्न सेन्सॉरच्या अहवालांतून पुन्हा पुन्हा वर गेला.

पोट भरलेलं असणं हाही परदेशी शिपायाचा एक त्रास आहे. घास तोंडाशी नेताना घर आठवू नये असा हुकूम कुणी काढू शकत नाही.

०

नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, वय बावीस. १० जुलै १९४४, टायबरच्या वरच्या खोऱ्यात. सोबतचे सगळे पडले वा जखमी झाले, तेव्हा मशीनगनच्या मोर्च्यावर तो एकटा धावून गेला. तो मोर्चा त्याने बंद पाडला आणि तिथेच गोळी लागून मेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सन्मानपत्रात जे आहे ते काही मिनिटांत घडलं. त्या मिनिटांआधीचे त्याचे परदेशातले सगळे दिवस मिळून एक ओळही नाही.

२०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळ आहे. उभारणाऱ्यांच्या मनात काय होतं ते असो. मला बरं वाटलं. सूर्यघड्याळाला एकच मिनिट दाखवता येत नाही, त्याला सबंध दिवस लागतो.

नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव कंपनीचा रनर होता. म्हणजे रोजचं काम निरोप्याचं: इकडचा हुकूम तिकडे, तिकडची खबर इकडे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्याने जखमी सोबत्यांना खांद्यावर घेऊन पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांतून मागे आणलं, मग परत जाऊन मोर्चे मोडले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो जगला. निरोप पोचवायची सवय असलेल्या माणसाने त्या दिवशी माणसं पोचवली. शौर्य अचानक येतं असं म्हणतात. मला ते रोजच्या कामाच्या वाटेनेच आल्यासारखं दिसतं.

०

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत दगडी पाट्या बसल्या. सगळ्यांचा मजकूर एकाच साच्याचा: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. परत आलेले किती, हे वाचणाऱ्याने वजाबाकी करून काढायचं.

ते परत आले १९१९ च्या आसपास. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत इन्फ्लुएन्झाचे पहिले रोगी सापडले होते. बोटींतून आलेला आजार, असंच तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं म्हणणं. ज्या बोटी शिपायांची ने-आण करत, त्याच गोदीत लागत. सप्टेंबर-ऑक्टोबरात साथ देशावर चढली. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. सबंध महायुद्धात हिंदी फौजेतली सुमारे चौऱ्याहत्तर हजार गेली होती. त्याच वर्षी पाऊसही गेला. शिपाई घरी पोचला तेव्हा त्याने आधी घरातली माणसं मोजली, मग जोंधळ्याचा भाव विचारला. भाव दुप्पट झाला होता, आणि पलटणीतून मिळालेली रक्कम पहिल्या वर्षाच्या दाण्यागोट्यालाच लागली.